ब्रिटनमध्ये नोकरी सोडतानाचा समझोता करार

ग्रेट ब्रिटनमध्ये नोकरी संपताना मालक ठरावीक रक्कम देतो आणि त्या बदल्यात कर्मचारी अन्यायकारक बडतर्फी, भेदभाव यांसारखे दावे सोडून देतो. अशा लेखी कराराला ‘सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. 2013 पर्यंत त्याचे नाव ‘कॉम्प्रमाइज अ‍ॅग्रीमेंट’ होते. एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट 1996 च्या कलम 203 नुसार कर्मचाऱ्याने स्वतंत्र सल्ला घेतलेला नसेल, तर हा करार अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्याच्या आड येत नाही. ही अट फार मोलाची, कारण सही करणारा माणूस बहुधा धास्तावलेला आणि घाईत असतो. सल्लागार सहसा सॉलिसिटर असतो किंवा कामगार संघटनेचा प्रमाणित पदाधिकारी. त्याच्याकडे व्यावसायिक विमा हवा आणि तो मालकाचा माणूस नसावा. त्याची फी बहुतेकदा मालक भरतो, तसे कायद्याचे बंधन मात्र नाही. विचार करायला किमान 10 दिवस द्यावेत, असे ‘एकास’ या सार्वजनिक संस्थेची संहिता सुचवते.

भरपाईचे पहिले 30,000 पौंड सहसा करमुक्त असतात. नोटिशीच्या काळाचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे त्यात धरले जात नाहीत. त्यांवर कर लागतो. जनहितासाठी गैरप्रकार उघड करण्याचा हक्क मात्र करारातले गोपनीयतेचे कोणतेही कलम हिरावू शकत नाही.