कंपन्या एक, कामगार निराळे

दोन विमान कंपन्या एकत्र येतात तेव्हा भागधारकांच्या हिश्श्यांची, प्रवाशांच्या भाड्याची आणि कर्जफेडीची चर्चा वृत्तपत्रांतून महिनोन्‌महिने चालते. परंतु त्या कंपन्यांत सामान चढविणारे-उतरविणारे, विमान जागेवर आणून उभे करविणारे, तिकीट तपासून प्रवाशाला आत सोडणारे जे सहस्रावधी लोक असतात, ज्यांना विमानतळावर सरसकट ग्राउंड स्टाफ म्हणतात, त्यांच्या वतीने उद्या मालकाशी बोलणार कोण, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. अमेरिकेत या प्रश्नाचा निवाडा एका जुन्या कायद्याच्या अखत्यारीत आहे, आणि तो कायदा समजून घेतल्यावाचून तेथील प्रादेशिक विमान कंपन्यांतील कामगारांची कुचंबणा ध्यानात येणे शक्य नाही.

हा कायदा म्हणजे 1926 सालचा रेल्वे लेबर ॲक्ट. तो झाला आगगाडीच्या कामगारांसाठी; 1936 मध्ये विमान कंपन्याही त्याच्या कक्षेत घेण्यात आल्या. योगायोग असा, की त्याच 1926 साली आपल्याकडे ट्रेड युनियन्स ॲक्ट मंजूर झाला, ज्याची मागणी मध्यवर्ती विधिमंडळात ना. म. जोशी यांनी 1921 पासून लावून धरली होती. आपल्या कायद्याने संघटनेला नोंदणी दिली, पण मालकाने तिला मान्यता दिलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती. अमेरिकेच्या कायद्यात, विशेषतः 1934 च्या दुरुस्तीनंतर, बहुमताने निवडलेल्या संघटनेशी वाटाघाट करणे मालकावर बंधनकारक झाले. मात्र त्याबरोबर एक अट आली. कामगारांनी मत द्यायचे ते आपापल्या विमानतळापुरते नव्हे, तर कंपनीच्या संपूर्ण जाळ्यातील त्या त्या व्यवसायवर्गाने मिळून. कंपनी हाच मतदारसंघ; आणि कंपनीची सीमा बदलली की मतदारसंघ बदलतो.

विलीनीकरणाचा खरा घाव येथे बसतो. दोन कंपन्या मिळून एकच वाहतूकव्यवस्था झाली आहे असे नॅशनल मीडिएशन बोर्ड या त्रिसदस्य मंडळाने ठरविले, की ज्या वर्गात एका बाजूला संघटना आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तेथे बहुधा नव्याने कौल घ्यावा लागतो. 2008 मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्या. नॉर्थवेस्टचे सामान हाताळणारे कामगार दीर्घकाळ यंत्रकामगारांच्या आयएएम या संघटनेत होते. डेल्टात वैमानिक आणि उड्डाणनियोजक वगळले तर संघटनेचा मागमूस जवळजवळ नव्हता, आणि माणसे डेल्टाची अधिक. मतदान न करणाऱ्याला विरोधक समजण्याची जुनी रीत मंडळाने 2010 च्या मध्यास रद्द करून केवळ पडलेल्या मतांचे बहुमत पुरेसे मानले, तरीही त्या वर्षाअखेरीस झालेल्या निवडणुकांत सामान हाताळणाऱ्यांचा कौल थोडक्या फरकाने, आणि तिकीट-खिडकीवरील सेवकांचा फार मोठ्या फरकाने, संघटनेच्या विरुद्ध गेला. ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरून एक करारनामा मिळविला आणि टिकविला, त्यांचा तो करारनामा अपरिचित सहकाऱ्यांच्या बहुमताने रद्दबातल झाला. लोकशाहीच्या तत्त्वाने यात दोष काढता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण आपण न केलेल्या सौद्यापायी आपला मुखत्यार गमावणाऱ्या माणसाला हे तत्त्व कितपत दिलासा देईल, याचाही विचार झाला पाहिजे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रवासी-सेवकांनी 2013 च्या आरंभी अगदी निसटत्या मतांनी संघटना नाकारली होती. त्याच वर्षी डिसेंबरात यूएस एअरवेजशी संयोग झाला, तेथील सेवक संघटित होते, आणि सप्टेंबर 2014 मध्ये सुमारे 14,500 जणांच्या एकत्रित वर्गाने 86 टक्के मतांनी सीडब्ल्यूए आणि टीमस्टर्स या संघटनांच्या संयुक्त आघाडीला आपले प्रतिनिधित्व बहाल केले. सामान हाताळणारे व यंत्रकामगार यांच्या बाबतीत टीडब्ल्यूयू आणि आयएएम या दोन संघटना समोरासमोर होत्या; त्यांनी परस्परांशी झगडण्याऐवजी एक संयुक्त मंडळ स्थापिले, हे शहाणपणाचे झाले. परंतु त्या मंडळाचा पहिला एकत्रित करार मंजूर व्हायला मार्च 2020 उजाडला. या कायद्यात करार मुदत संपून लोपत नाही, नवा होईतो जुनाच चालू राहतो. तेव्हा मधली सहा वर्षे एकाच कंपनीत, एकाच आवारात, दोन निराळ्या करारांची माणसे शेजारी शेजारी राबत होती.

आणि हे सारे झाले मुख्य कंपनीच्या नोकरांचे. लहान शहरांना जोडणारी, शेपटीवर अमेरिकनचेच रंग मिरविणारी विमाने एन्व्हॉय, पीडमाँट, पीएसए अशा प्रादेशिक कंपन्या चालवितात. या तिन्हींची मालकी अमेरिकनच्याच मूळ कंपनीकडे आहे, पण मीडिएशन बोर्डाच्या दप्तरी त्या स्वतंत्र. त्यामुळे 2014 च्या त्या मोठ्या कौलात पीडमाँटच्या सेवकांना मत नव्हते. त्यांची संघटना तीच सीडब्ल्यूए, पण करार निराळा आणि ज्येष्ठतेची यादीही निराळी. विलीनीकरणात ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य रीतीने जुळवाव्यात असा जो मॅकॅस्किल-बाँड कायदा 2007 च्या अखेरीस झाला, तोही त्यांच्या उपयोगी पडत नाही, कारण कागदोपत्री त्यांची कंपनी कोणात विलीन झालेलीच नसते. वर एखाद्या विमानतळाचे काम मुख्य कंपनीने करावे, प्रादेशिक कंपनीने करावे की बाहेरच्या कंत्राटदाराला द्यावे, याचा निर्णय मूळ कंपनीच्या हाती. म्हणजे ज्याच्या हाती खरी सत्ता आहे, तो वाटाघाटीच्या मेजावर त्यांच्यासमोर बसतच नाही.

या विभागणीचे दर्शन 31 डिसेंबर 2022 रोजी अलाबामातील माँटगोमेरी विमानतळावर घडले. विमान एन्व्हॉयचे, ते उतरवून घेणारी माणसे पीडमाँटची. विमानातील सहायक वीजयंत्र नादुरुस्त असल्यामुळे उभे राहिल्यावरही इंजिन चालू ठेवले होते, आणि पीडमाँटची एक कामगार स्त्री त्यात ओढली जाऊन मृत्यू पावली. संघराज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने पीडमाँटला 15,625 डॉलर दंडाची नोटीस बजावली. प्रवाशांच्या तिकिटावर नाव होते अमेरिकनचे.

एकच व्यवस्था झाली की नाही हे ठरविताना मीडिएशन बोर्ड वेळापत्रक, बोधचिन्ह, गणवेश, आरक्षण यांकडे पाहते, पण कामगारविषयक कारभार कोणाच्या हाती आहे याला विशेष वजन देते. प्रादेशिक कंपनीला स्वतःचा व्यवस्थापक आणि स्वतःचे कामगार-खाते दिले, की भिंत उभी राहते. ती तशी उभी ठेवणे मालकाच्या सोयीचे आहे. माझे मत असे, की मोठ्या विलीनीकरणाचा अर्ज सरकारदरबारी येईल त्याच वेळी या भिंतीचीही तपासणी व्हावी, आणि त्या सुनावणीत पीडमाँटसारख्या कंपन्यांच्या कामगार-प्रतिनिधींना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कायद्यानेच मिळावा.