आखूड नळी आणि लांबचा नेम

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत अनेक दशके वावरलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, ही मुळात आखूड केलेली रायफल. पायदळाच्या जुन्या नमुन्याची नळी 30.2 इंचांची होती, घोडदळाच्या कार्बाइनची पावणेएकवीस. 1902 च्या अखेरीस दोन्हींऐवजी 25.2 इंचांची एकच रायफल मंजूर झाली. तिचा मार्क 3 नमुना 1907 चा. पुढे बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्यात ही रायफल तयार होऊ लागली.

नळी आखूड झाली की वायूला गोळी ढकलायला अंतर कमी पडते. इंचामागे वेग सेकंदाला साधारण 20 ते 30 फुटांनी घटतो. हे नुकसान फारसे नाही, कारण मार्क 7 काडतुसाची 174 ग्रेनची गोळी या नळीतूनही सुमारे 2440 फुटांच्या वेगाने सुटते. खरा तोटा नेमाचा होतो. पुढची आणि मागची साइट जवळ येतात. त्यांच्यात अर्ध्या मीटरचे अंतर असेल, तर एक मिलिमीटरची चूक 300 मीटरवर 60 सेंटिमीटरची होते.

शिवाय गोळी खाली येत जाते: 300 मीटरवर सुमारे एक मीटर, 600 वर पाच ते सहा. तिथे अंतराचा अंदाज 50 मीटरने चुकला, तरी गोळी अर्ध्या मीटरहून जास्त वरखाली जाते. माथेरानच्या कड्यांसारख्या उतारावर आणखी एक हिशेब लागतो. 30 अंशांच्या चढावर किंवा उतारावर 300 मीटर दिसत असले, तरी नेम 260 चा धरावा लागतो.

दाट रानात हे सगळे बाजूला पडते. 2 जानेवारी 1943 ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ज्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, तसल्या झाडीत नजर लांब पोहोचतच नाही. तिथे चटकन वळणारे, फांद्यांत न अडकणारे शस्त्रच उपयोगी. आखूड नळी निवडायची ती यासाठी.

मार्क 3 च्या मुख्य साइटवर 2000 यार्डांपर्यंतचे आकडे होते, बाजूच्या साइटवर 2800 पर्यंत. ते अख्ख्या तुकडीने मोठ्या जमावावर गोळ्यांचा वर्षाव करण्यासाठी होते. एकट्याने माणूस टिपण्याच्या पल्ल्याशी त्यांचा संबंध नव्हता. 1960 च्या दशकात इछापूरने हीच रायफल अधिक जोरकस 7.62 काडतुसासाठी बनवली, तेव्हा 2ए नमुन्यावर जुना 2000 चा आकडा राहिला. 2ए1 मध्ये मात्र साइट 800 मीटरवर थांबवण्यात आली.