टाचदुखी : सकाळच्या पहिल्या पावलाचे दुखणे



जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गृहभेटींना गेले की चाळिशीच्या पुढच्या बायकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: "सकाळी उठल्यावर टाच भुईला टेकवत नाही." चार पावले चालले की पाय मोकळा होतो, म्हणून बाई हंडा उचलून कामाला लागते. दुपारी घटकाभर बसून उठली की पुन्हा तीच कळ. फरशीवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आपल्या मंडळीतील शिक्षिका, परिचारिका आणि गृहिणींनाही हे दुखणे ओळखीचे वाटेल.

डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. डोक्यावरचे ओझे, सततची चाल, कठीण जमीन, पातळ तळाची चप्पल, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या या सर्वांचा ताण, हा पट्टा टाचेला जिथे जोडलेला असतो, तिथे पडतो. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते आणि पट्टा आखडतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते.

पुष्कळांना एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला काटा दिसतो आणि "हाड वाढले" म्हणून ते घाबरतात. असा काटा टाच न दुखणाऱ्या अनेकांनाही असतो. त्यासाठी ऑपरेशनची गरज सहसा पडत नाही. बहुतेकांचे दुखणे साध्या उपायांनी वर्षभरात बरे होते. मात्र ते नियमाने करावे लागतात.

१. अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा. पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, तळव्याला ताण जाणवला पाहिजे. १० आकडे मोजून सोडावे. असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा.

२. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा. गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली. पुढे झुकून पोटरी ३० सेकंद ताणावी. असे ३ वेळा.

३. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली १० मिनिटे फिरवावी. पाड्यावर बर्फ मिळत नाही, तिथे गार पाण्याची बाटलीही चालते.

४. घरातही अनवाणी चालू नये. चप्पल टाचेखाली जाड व मऊ आणि मागे पट्टा असलेली हवी.

५. शक्य तेवढे ओझे वाटून घ्यावे. एका मोठ्या हंड्याऐवजी दोघींनी लहान कळशा आणाव्यात. काम पूर्ण थांबवण्याची गरज नाही.

वेदनाशामक गोळ्या रोज घेत राहिल्यास पोटाला व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. स्टेरॉईडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते, पण ते वारंवार घेतल्यास तळव्याचा पट्टा तुटण्याचा धोका असतो. टाच सुजली, लाल झाली, ताप आला, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, रात्री विश्रांतीतही ठणका लागला किंवा मार लागल्यावर पाय टेकता येईना, तर डॉक्टरांनाच दाखवावे. मधुमेही व्यक्तींनी बधिर पायावर बर्फ किंवा शेक लावू नये.

आता एक कबुली. एका नाताळात मी पाड्यावर सर्वांना सारख्याच पातळ रबरी चपला वाटल्या. स्वस्त होत्या, म्हणून जास्त जणांना पुरल्या. पुढच्या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत गेले, तेव्हा त्यांचे तळ टाचेपाशी कागदासारखे झिजले होते. एक मावशी लंगडत शेताकडे निघाली होती. मी विचारले, तर म्हणाली, "बाई, चप्पल हाय, पण खडा टोचतोच." तिच्या पायात मीच दिलेली चप्पल होती.

म्हणून दानात चपला देताना एवढे पाहावे. वापरून झिजलेले जोड देऊ नका. झिजलेला तळ पाय वाकडा पाडतो आणि ताण वाढवतो. दहा पातळ जोडांऐवजी मापाचे पाच चांगले जोड द्या. माप आम्ही पाड्यावरून आणून देऊ, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखले की झाले.

दिवाळीनंतर यांतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातील आणि मग दिवसभर पायांवरच उभी राहतील. तोवर त्यांच्या पायात चांगली चप्पल असावी. आणि आपल्या घरातही कोणी सकाळी भिंतीला धरून चालत असेल, तर वरचा पहिला व्यायाम उद्यापासूनच सुरू करायला सांगा.