मार्गदर्शकाचे मौन

पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला. त्याने कोकणात बंड माजविले आणि १७७६ साली पुणे दरबाराने त्याला देहदंड दिला. तो खोटा असून स्वतःला खरा म्हणवीत होता. आज विद्यापीठांत नेमका याच्या उलट प्रकार आढळतो. पीएच.डी.साठी रीतसर पारखून घेतलेला विद्यार्थी खरा असूनही मनातल्या मनात स्वतःला तोतया समजतो. आपली निवड चुकून झाली, आज ना उद्या आपले बिंग फुटणार, ही धास्ती त्याला झोप लागू देत नाही.

ही मनोवस्था नवी नव्हे. पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९७८ साली तिचे वर्णन केले. त्यांनी पाहिलेल्या दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांत डॉक्टरेट मिळविलेल्याही होत्या. तरी आपले यश त्या नशिबाच्या किंवा इतरांच्या चुकीच्या खाती मांडीत. पुढे पुरुषांतही हीच भावना दिसून आली. तेव्हा हा कोणा एकाच्या दुबळ्या मनाचा दोष नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

एम.ए., एम.एस्सी.पर्यंत अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि आपण कोठे आहोत हे गुणपत्रिका सांगते. संशोधनात उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसते. चाचपडणे हाच त्या कामाचा धर्म. परंतु विद्यार्थ्याला इतरांचे छापून आलेले निबंध दिसतात, त्यांचे फसलेले प्रयोग दिसत नाहीत. सत्तरी, सांगे वा काणकोणातील एखाद्या घरातून पहिल्यानेच कोणी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात संशोधनास येतो, तेव्हा त्याला घरी विचारण्यासारखे कोणी नसते. स्वतःला तोलून पाहण्यास त्याच्यापाशी एकच काटा उरतो, तो मार्गदर्शकाच्या शब्दाचा. आणि त्याने दिलेले प्रकरण तीन महिने सरांच्या टेबलावर पडून राहते! सरांना सवड झालेली नसते. विद्यार्थी मात्र आपले लिखाण वाचण्याच्याही लायकीचे नाही असा त्याचा अर्थ लावतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार अशी संशोधक विद्यार्थ्यांची कमाल मर्यादा घातली. दर सत्रात सल्लागार समितीपुढे काम मांडण्याची तरतूदही केली. नियम चांगले आहेत. पण ते विद्यार्थ्यांची संख्या मोजतात, गुरुशिष्यांतील संवाद मोजीत नाहीत.

आम्ही खोट्या शाबासकीचा आग्रह धरीत नाही. पोकळ स्तुतीने ही शंका उलट बळावते. आमची अपेक्षा साधी आहे. ठरल्या दिवशी विद्यार्थ्याला भेटावे. काय साधले, काय राहिले आणि पुढे काय करावे, हे स्पष्ट सांगावे. दाखविलेली चूक लिखाणाची आहे, लिहिणाऱ्याच्या लायकीची नव्हे, हे त्याला उमगू द्यावे. आपले परत आलेले निबंधही कधी त्याच्यापुढे ठेवावेत. एवढ्याने कोणाचा अधिकार उणावत नाही; उलट एखादा गुणी विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरण्याचे टळते.

भाऊसाहेबांचा तोतया खोटा ठरविण्यापूर्वी पुणे दरबारानेही साक्षीपुरावे तपासले होते. आपल्या विद्यार्थ्याच्या खरेपणाची साक्ष मार्गदर्शकाखेरीज कोण देणार? ती त्यांनी वेळेवर द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.