चोथ्याचा हिशेब

बियांत ६० ते ७० टक्के, सालीत २८ ते ३५ टक्के आणि गरात फार तर १० टक्के. द्राक्षातून काढता येणारी पॉलिफेनॉल साधारण अशी विभागलेली असतात. नाशिकच्या गंगापूर रोडवर सकाळी फिरून आल्यावर कुणी ग्लासभर गाळलेला द्राक्षरस घेतला, तर पोटात जातो तो बहुतेक गरच. १०० मिलीला सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे २०० मिलीत ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते आणि फळांच्या रसातली साखरही त्यात धरते. पॉलिफेनॉल बहुतेक चाळणीवर राहतात, साखर ग्लासात उतरते.

याच परिसरात ‘सुला’ या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली तयार झाली. वाइनसाठी गाळप झाले की द्राक्षाच्या वजनाच्या २० ते २५ टक्के चोथा उरतो, टनामागे २०० ते २५० किलो. पण चोथ्या-चोथ्यातही फरक आहे. रेड वाइनमध्ये साल रसाबरोबर आंबते आणि तिचे बरेच सत्त्व वाइनमध्ये उतरते. व्हाइट वाइनची साल आंबवण्याआधीच बाजूला काढतात, त्यामुळे पेयासाठी हाच चोथा कामाचा. अडचण पाण्याची: ओल्या चोथ्यात निम्म्याहून जास्त पाणी, एक-दोन दिवसांत बुरशी. हंगामात तो लगेच वाळवला नाही, तर शेवटी खतच.

नाशिकचे दुसरे फळ डाळिंब. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००० साली त्याचे रस तपासले. नुसत्या दाण्यांच्या रसाची अँटिऑक्सिडंट क्षमता १२ ते १४ एकके भरली, सालीसकट दाबलेल्या बाजारी रसाची १८ ते २०. रेड वाइन आणि ग्रीन टी ६ ते ८ वरच थांबले. सालीतले प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन त्याचे मोठे कारण. रस तुरट होतो तोही अशाच टॅनिनांनी. मात्र हे आकडे परीक्षानळीतले. अमेरिकेच्या कृषी खात्याने असल्या आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला, कारण त्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही. बाटलीवर असे आकडे मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांना हे सोयीस्करपणे आठवत नाही.

सालीला फवारणीचाही हिशेब द्यावा लागतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली होती. साल पेयात घालायची, तर तपासणी तितकीच कडक हवी. पुण्याजवळच्या मांजरी येथील द्राक्ष संशोधन केंद्राने वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘मांजरी मेडिका’ वाणाचा गरच रंगीत, त्यामुळे सालीतले रंगद्रव्य रसातही मिळते.

तसे सालीचे पेय मराठी माणसाला नवे नाही. कोकम सरबत सालीचेच. फक्त त्या सालींवर आपण साखरेचे थर रचतो. कोकमाच्या आगळाला साखर लागत नाही. मीठ मात्र सढळ हाताने पडते.