नवगावच्या किनाऱ्याचा गळा

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायलांचे जुने दफनस्थान आहे. गलबत फुटून त्यांचे पूर्वज याच किनाऱ्याला लागले, अशी आख्यायिका! पुढे घाण्यावर तेल गाळणारे, शनिवार पाळणारे हे ‘शनवार तेली’ पुरते मराठी झाले. याच समाजातल्या लिली इझेकिएल म्हणजे रंगभूमीवरच्या आशा भेंडे. त्यांचा आणि आत्माराम भेंड्यांचा चिरंजीव नंदू.

आईवडील मराठी नाटकातले. मुलाने मात्र इंग्रजी रॉक धरले! ‘वेल्व्हेट फॉग’ या वाद्यवृंदात तो गायला. १९७४ साली अलीक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडास झाला. हे सूर मराठी घरात शोभायचे कसे? (‘आवाज कमी कर रे!’ हे आपल्याही घरी ऐकू येतेच.) उत्तर मिळाले १९७८ मध्ये. ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी रचलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त जब्बार पटेलांनी त्याला अंकुश केले, आणि रॉकमध्ये तापलेला तोच गळा मराठीत गाऊ लागला. गंमत पाहा, एक भूमिका विश्वासघातक्याची, दुसरी दरोडेखोराची!

१९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्येही त्याचा आवाज आहे. एप्रिल २०१४ मध्ये नंदू गेला. पुत्रशोक सोसलेले आत्माराम भेंडे फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले.