पीक संरक्षणासाठी बंदूक: परवाना, हाताळणी आणि माजी सैनिकाची मदत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मक्याचे कणीस दुधाळ होऊ लागले की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. कन्नड, सोयगाव, सिल्लोड, फुलंब्री आणि खुलताबाद तालुक्यांत डोंगराला लागून असलेल्या शिवारांत हा त्रास जास्त जाणवतो. तूर आणि हरभऱ्यात रोही (नीलगाय) शिरतात. एका रात्रीत अर्धा एकर मका लोळवलेला पाहिला की शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येतोच.

याच भागातील अनेक गावांत सैन्यातून निवृत्त झालेले जवान, हवालदार, सुभेदार आहेत. त्यामुळे एक प्रश्न नेहमी विचारला जातो: "आमच्या गावात फौजी आहेत, त्यांना बंदूक चालवता येते. त्यांनी रात्री दोन डुकरे मारली तर काय हरकत आहे?"

या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत.

१) बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे कौशल्य
२) बंदूक बाळगण्याचा परवाना
३) विशिष्ट वन्यप्राणी मारण्याची लेखी परवानगी

फौजीकडे पहिली गोष्ट असते. दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते आणि तिसरी वनविभागाकडून. यांपैकी एक जरी नसेल तरी बंदूक चालवू नये. या तिन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

सैनिकाचे कौशल्य आणि त्याचे शस्त्र

सैनिक ज्या रायफलीवर शिकतो ती त्याची स्वतःची नसते. कर्तव्यावर असताना सरकारी शस्त्र वापरण्यासाठी त्याला वेगळा परवाना लागत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये तशी सूट आहे. काम संपले की रायफल युनिटच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात जमा होते. म्हणून सुट्टीवर आलेला जवान किंवा अधिकारी सरकारी रायफल घरी आणत नाही. निवृत्तीनंतर त्याला खासगी बंदूक हवी असेल, तर इतर नागरिकांप्रमाणेच परवाना काढावा लागतो.

शस्त्र नियम २०१६ मध्ये संरक्षण दलांत सेवेत असलेल्या किंवा सेवा केलेल्या व्यक्तींच्या अर्जाचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र तिथेही जीविताच्या किंवा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज असली पाहिजे, ही अट आहे. केवळ निवृत्तीच्या कागदावर बंदूक मिळत नाही.

पीक संरक्षणाचा परवाना

कायद्याने शेतकऱ्याची गरज ओळखली आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. ठासणीची बंदूक पुरेशी ठरणार नाही अशी खात्री पटल्यास किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. साधी बारा बोअर या प्रकारात येते.

रायफल आणि साधी बंदूक यांतील फरक शेतकऱ्यांनी समजून घ्यावा. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. सैन्याच्या रायफलीची गोळी एक किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते. बारा बोअरचे छर्रे पसरतात आणि त्यांचा उपयोग साधारण ३० ते ४० मीटरपर्यंतच होतो. चारी बाजूंना वस्त्या, विहिरी आणि रस्ते असलेल्या शिवारात पीक राखणीला साधी बंदूक का, याचे उत्तर या फरकात आहे.

अर्जाबाबत मुख्य बाबी:

• ग्रामीण भागासाठी परवाना अधिकारी जिल्हाधिकारी असतात. शहरातील पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो.
• अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे.
• स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल घेतला जातो.
• शस्त्र सुरक्षितता प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद नियमांत आहे. कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र चालेल, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधीच विचारून घ्यावे.
• सातबारा, आठ-अ आणि ओळखपत्रासोबत आधीच्या पीक नुकसानीचे पंचनामे जोडावेत. गरज खरी आहे, हे दाखवणारा सर्वांत चांगला पुरावा पंचनामाच असतो.
• जमीन थोडी आहे किंवा मालमत्ता कमी आहे, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार मिळाल्यास लेखी कारणे मागावीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.
• २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे आहे आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात.

अभयारण्याजवळची गावे

आपल्या जिल्ह्यात या मुद्द्यावर अनेक अर्ज अडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र कन्नड, सोयगाव आणि शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पसरले आहे. पैठणजवळ नाथसागराच्या परिसरात जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. म्हणजे जिथे जनावरांचा त्रास जास्त, तिथेच परवान्याची वाट लांब. अशा गावांतील शेतकऱ्यांनी गाव अभयारण्यापासून किती अंतरावर आहे, हे वन कार्यालयातून लेखी घ्यावे आणि अर्जाला जोडावे.

वडिलांची जुनी बंदूक

अनेक घरांत आजोबा-वडिलांच्या नावावरील ठासणीची बंदूक असते. परवानाधारकाचे निधन झाले की ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. वडील हयात असतील आणि त्यांचे वय ७० झाले असेल, किंवा बंदूक २५ वर्षांपासून त्यांच्याकडे असेल, तर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. भिंतीला टांगलेली बिनपरवाना बंदूक ही आठवण नसून गुन्हा आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो.

परवाना मिळाला म्हणजे शिकार करता येते का?

नाही. बंदुकीचा परवाना फक्त बंदुकीपुरता असतो. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. उभ्या पिकाला धोका निर्माण झाला असेल, तर कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा. आदेशात नमूद केलेला प्राणी, जागा, मुदत आणि व्यक्ती नीट वाचावी. आदेशाबाहेरचे काहीही करू नये.

काळवीट, मोर आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये आहेत. ते पिकात दिसले तरी पीक नुकसानीच्या कारणावरून त्यांच्यावर बंदूक रोखता येत नाही. जनावर मेले किंवा जखमी झाले तर वन कार्यालयाला लगेच कळवावे. विल्हेवाट स्वतः लावू नये, मांस वाटू नये.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. फौजी मामांना तुमची बंदूक देऊन शेतात पाठवता येत नाही, कारण परवाना तुमच्या नावावर आहे. त्यांच्याकडे स्वसंरक्षणाचा परवाना असला तरी तुमच्या शेतात डुक्कर मारण्यासाठी वनविभागाच्या आदेशात त्यांचा समावेश असला पाहिजे. नाहीतर मदतीला आलेल्या माणसावरच गुन्हा दाखल होतो आणि त्याचा परवानाही धोक्यात येतो.

मक्यात बंदूक का चालत नाही?

मक्याचे सर्वाधिक नुकसान कणसे दुधाळ असताना होते. नेमक्या त्याच वेळी पीक माणसापेक्षा उंच असते. रात्रीच्या अंधारात चार-पाच फुटांपलीकडचे दिसत नाही. पाने हलतात, आवाज येतो, पण तिथे डुक्कर आहे की शेजारचा जागल्या, हे कळत नाही. पाणी द्यायला आलेला माणूस, बांधावर बसलेला राखणदार, मोकळे सुटलेले वासरू यांपैकी कोणीही तिथे असू शकते. जेव्हा बंदुकीची गरज सर्वांत जास्त वाटते, तेव्हाच ती सर्वांत धोक्याची ठरते.

सैन्यात सराव फायरिंग रेंजवर होतो. लाल झेंडा लावतात, लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध असतो आणि हुकुमाशिवाय कोणी चाप ओढत नाही. शेतात यांपैकी काहीही नसते. चांगला सैनिक आवाजावर गोळी झाडत नाही. गावातील फौजीकडून नेमबाजीआधी हे शिकावे.

फौजीकडून शिकण्यासारख्या सवयी

• बंदूक हातात घेताच ती भरलेली आहे का, हे स्वतः तपासावे. "रिकामी आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नये.
• नळी कधीही माणसाकडे, जनावराकडे किंवा घराकडे वळवू नये.
• लक्ष्य स्पष्ट दिसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे.
• लक्ष्याच्या मागे काय आहे, हे पाहावे. खडकावर किंवा पाण्यावर आदळलेला छर्रा उलटतो.
• बांध, कुंपण ओलांडताना किंवा मचाणावर चढताना बंदूक रिकामी करावी.
• दारू पिऊन बंदुकीला हात लावू नये.
• प्रत्येक काडतुसाचा हिशेब वहीत लिहावा. सैन्यात एकेका काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो.
• घरी बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ठासणीच्या बंदुकीबाबत आणखी एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात दारू ओलसर होते. टोपी वाजते, पण बार लगेच उडत नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक-दोन मिनिटे थांबावे. नळीत डोकावू नये आणि आधीच्या बारावर दुसरा बार ठासू नये.

डुकरे पळवण्यासाठी किंवा लग्नात, पोळ्याला हौसेने हवेत बार काढणेही महागात पडते. निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एअरगन आणि कार्बाइडची नळी

४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. मात्र तिने मोर किंवा इतर वन्यप्राणी मारला तर तो शिकारीचाच गुन्हा ठरतो. कार्बाइड टाकून आवाज काढणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांनी डोळ्यांना गंभीर इजा होते. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावणे सर्वांत घातक आहे. या नळ्या वापरू नयेत, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

बंदुकीआधी करायच्या गोष्टी

१) नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि पंचनामा करून घ्यावा. पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवावे, फोटो काढावेत.
२) शक्य असल्यास शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून सौर कुंपण करावे. यातील झटका क्षणिक असतो, त्याने जनावर मरत नाही. विजेच्या खांबावरून थेट तार कधीही जोडू नये. अशा तारेने जनावरासोबत माणसेही मरतात आणि शेतमालकावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.
३) मक्याच्या कडेने दोन-तीन मीटरची पट्टी स्वच्छ ठेवावी. जनावर येण्याची वाट दिसते आणि राखणही सोपी होते.
४) कणसे दुधाळ होण्याच्या आधीपासून पाळीपाळीने सामूहिक जागल सुरू करावी. कोण कोणत्या बांधावर आहे, हे सर्वांना माहीत असावे. बॅटरी, डबे, फटाके यांचा वापर रोज एकाच जागी करू नये. डुकरांना त्याची सवय होते.

गावातील माजी सैनिकाची खरी मदत इथे होते. जागलीची पाळी आखणे, प्रत्येकाची जागा ठरवणे, शिट्टी-बॅटरीच्या खुणा ठरवणे आणि परवानाधारकांना शस्त्राची शिस्त शिकवणे ही कामे त्याच्याइतकी चांगली कोणी करू शकत नाही. यासाठी त्याच्या हातात बंदूक असण्याची गरज नाही.

शेतकरी बंधूंनो, बंदूक हा पीक राखणीतील शेवटचा उपाय आहे. परवाना, वनविभागाचा आदेश आणि हाताळणीची शिस्त या तिन्ही गोष्टी जवळ असतील, तरच ती घराबाहेर काढावी. एवढे असूनही समोर काय आहे ते स्पष्ट दिसत नसेल, तर चाप ओढू नये. गेलेल्या कणसांचा पंचनामा होतो, भरपाई मागता येते. चुकून माणसाला लागलेल्या गोळीची भरपाई होत नाही.